राजवाड्यासमोरची राणीसाहेब

राजवाडा बघून माणसं बाहेर पडली की त्यांच्या डोळ्यांवर एक झापड आलेली असायची. आतली झुंबरं, तलवारी, हस्तिदंती पलंग आणि भिंतभर टांगलेले राजे बघून जो तो थोडा वेळ स्वतःला कुणीतरी समजायला लागलेला असे. ही झापड उतरायच्या आत माणूस पकडायचा, हा मास्तरांचा धंदा. मोठ्या दरवाज्यासमोरच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. राजाराणीच्या पोशाखात फोटो काढून मिळायचा. मागे पडद्यावर रंगवलेला महाल, पुढे सोनेरी रंग फासलेलं सिंहासन, त्याच्या एका पायाखाली वीट. मास्तर स्वतः काडीसारखे, गळ्यात कॅमेरा, आणि जीभ अशी की गिऱ्हाइकाला टोचूनही हसवायची. "आतल्या तसबिरींत सगळ्या राजांचं नाक सारखं कसं, माहितीय?" ते विचारत. "घराणं एक म्हणून नाही हो. चित्रकार एक म्हणून!"

पोशाख चढवायचं काम एका बाईकडे होतं. गल्ली तिला राणीसाहेब म्हणायची. चाळिशीच्या आसपासची, हाडापेराने मजबूत, मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली आणि ओठांत सदा तीन-चार पिना. त्या पिनांमुळे तिला बोलावं लागत नसे आणि तेच तिला बरं वाटे. दुकानातले सगळे पोशाख तिनेच बेतले होते, पुढून मखमल, जर, खोटे मोती, आणि मागून उघडे. पाठीवर नाड्या आणि पिना. बारीक बाई असो की जाड, नाड्या ओढल्या की राणी तयार. गिऱ्हाइकाने फक्त पाठ फिरवायची नाही.

ती मूळची इथली नव्हे. तिचं लग्न दूरच्या एका गावात, नळ-पाइपांचं दुकान असलेल्या घरात झालं होतं. घरात नवरा आणि सासू. थोरले दीर दुसऱ्या गावी लाकडाची वखार चालवत, सणासुदीलासुद्धा फारसे येत नसत. बरीच वर्षं झाली तरी मूल होईना, तेव्हा नवरा-बायको गुपचूप शहरातल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सरळ माणूस होता. "बाईंमध्ये काही दोष नाही," तो म्हणाला. मग नवऱ्याकडे वळून जे सांगायचं ते त्याने स्पष्ट सांगितलं.

परतताना बसमध्ये नवऱ्याने तिचा हात हातात घेतला. चारचौघांत त्याने असं कधी केलं नव्हतं. "आईला सांग, तुझ्यात आहे म्हणून," तो म्हणाला. "मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुला कोण काय बोलणार? आणि बोललंच तर मग मी बघतो ना."

तिने घरी गेल्यागेल्या सासूला सांगितलं. स्वतःच्या तोंडाने. त्या दिवशी तिला वाटलं होतं, आपण या माणसाला जन्मभरासाठी बांधून घेतलं.

सासू त्या वेळी नुसतं बघत राहिली. पण मग हळूहळू घराचं तिच्याशी वागणं बदललं. शेजारची बाळंतीण बाळ घेऊन आली की, "तू जरा आत जा" असं सांगितलं जाई. तिच्या हातचं पाणी चाले, पण तिची सावली नको. ती नवऱ्याकडे बघायची आणि नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. शेवटी एका सकाळी त्याने स्वतः तिची पेटी रिक्षात ठेवली. "भावाकडे थोडे दिवस राहून ये," म्हणाला. रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत त्याने दार लावून घेतलं. पुढे नवरा आलाच नाही, वकील आला.

भावाकडे भावजय होती. तोंडाने गोड. "वन्सं, तुम्हाला काय, ना पोर ना बाळ. बसल्या बसल्या एवढ्या बाह्या शिवून टाका." त्या बाह्या संपायच्या नाहीत. नवऱ्याने दुसरं लग्न केल्याची बातमीही भावजयीनेच दिली, भाकरी वाढता वाढता. त्या दिवसापासून रोज अंथरुणाला पाठ टेकली की तिच्या डोळ्यांपुढे ती दुसरी यायची. तिला कसं मखरात बसवलं असेल, सासू तिची कशी वेणीफणी करत असेल, नवरा तिचा हात कसा चारचौघांत धरत असेल. तिने त्या अनोळखी बाईला इतके शाप दिले होते की शेवटी शब्द झिजून गेले.

या शहरात ती आली तीही हमाली करायला. भावाचं बिऱ्हाड राजवाडा बघायला निघालं, तेव्हा पिशव्या सांभाळायला म्हणून तिला बरोबर घेतलं. तिकीट तिचं काढलं नाहीच. "तुम्ही बसा ना सावलीला, आत नुसतं चालचाल चालायचंय," भावजय म्हणाली. ती समोरच्या गल्लीतल्या पायरीवर पिशव्यांचा ढीग घेऊन बसली. तेवढ्यात मास्तरांच्या दुकानात एका धिप्पाड गिऱ्हाइकाच्या अंगावर राजाचा झगा काखेपासून फाटला. मास्तर डोकं धरून ओरडायला लागले. ती उठली, पिशवीतला सुई-दोरा काढला आणि माणूस झग्यात असतानाच झगा शिवून दिला. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही कुठे होतात इतके दिवस?" ते गमतीने बोलले होते. तिने ते मनावर घेतलं. संध्याकाळी भावाची बस निघाली तेव्हा ती चढली नाही. भावजयीने आधी पिशव्या सगळ्या आल्यात ना ते पाहिलं, मग खिडकीतून म्हणाली, "बरं झालं."

अशी ती राणीसाहेब झाली. गल्लीच्या टोकाला एक खोली मिळाली. सकाळी दुकान झाडायचं, पोशाख उन्हात टाकायचे, घामाने ओलसर झालेल्या मखमलीला पावडर फासायची आणि दिवसभर लोकांच्या उघड्या पाठी झाकायच्या. तिला हसू यायचं ते एवढ्याच गोष्टीचं, की पोशाख चढला की अत्यंत गरीब स्वभावाची बाईदेखील नवऱ्याकडे हनुवटी वर करून बघायला लागे.

एका दुपारी ती कुणाच्या तरी नाड्या ओढत होती आणि तिच्या पाठीमागून आवाज आला.

"इथे राणी करून मिळते म्हणे?"

तिने वळून पाहिलं नाही. आवाजाला वळून बघावं लागत नव्हतं. पण ओढता ओढता नाडी तिच्या हातात तुटून आली.

नवरा अंगाने सुटला होता. केसांना काळा रंग, बोटात जाड अंगठी. बरोबर दोन बायका, एक पुरुष आणि एक लहान मुलगी. पुरुष आणि त्यातली एक बाई हे त्याच्या दुकानाशेजारचं जोडपं. ते अधूनमधून गावातल्या कुणाकुणाच्या गोष्टी काढून हसत होते. दुसरी बाई बारीक, तरुण, नवऱ्याच्या एक पाऊल मागे उभी. मुलगी तिचं बोट धरून.

"ही बघ," तो बायकोला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हीच ती. तुला सांगत होतो ना? गावात कळलं की ही इथे राजाराण्या सजवते. म्हटलं, आपणही सजून घेऊ." मग राणीसाहेबकडे वळून, "ओळखलंस की नाही? की पिना गिळल्यास?"

शेजारी हसला. मास्तरांना वाटलं, जुनी ओळख आहे, धंदा चांगला होणार. "बसा, बसा महाराज! आधी महाराजांना चढवा."

तिने त्याला झगा चढवला. पूर्वी त्याच्या पाठीवर कुठे तीळ आहे ते तिला ठाऊक होतं. आता तिथे चरबीची घडी होती. त्याने सिंहासनावर बसून पाय पुढे केला. जरीचे जोडे गिऱ्हाईक स्वतःच घाले, पण त्याचा पाय तसाच हवेत राहिला. ती गुडघ्यांवर बसली.

"अजून तशीच आहेस," तो वरून म्हणाला. "हात तेवढे खरखरीत झालेत."

तिने दुसरा जोडा घातला आणि त्याच्या बायकोला घेऊन पडद्यामागे गेली.

पडद्यामागची खोली म्हणजे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. एक आरसा, खुंट्यांवर पोशाख, आणि मागच्या गल्लीत उघडणारं एक बुटकं दार. त्या दुसरीने पाठ केली. राणीसाहेबने तिची पाठ नीट न्याहाळली. मारल्याचे वळ शोधत होती ती. सापडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पाठ कोरी होती, गोरी होती, आणि तिला त्या कोऱ्या पाठीचा राग आला. तिने नाडी जरा जास्तच जोरात आवळली.

"ताई," ती दुसरी कुजबुजली, "ते मुद्दाम आलेत. गाडीत सगळ्या वाटेने हसत होते."

"हं," राणीसाहेब पिनांमधून म्हणाली.

"मुलगी त्यांची नाही."

पीन ओठाला टोचली. तिने ती काढली नाही.

"तुम्हाला माहीत असणारच. तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार?" दुसरी आरशात तिच्याकडे बघत होती. "मला दिवस जाईनात तेव्हा आईंनी ह्यांना मालाच्या खरेदीला बाहेरगावी धाडलं. आणि वखारीवरून थोरल्या भाऊजींना राहायला बोलावलं. ह्यांना सगळं ठाऊक होतं. निघताना मला म्हणाले, आई सांगेल तसं कर. आणि पायांत चपला घातल्या."

"ओरडली नाहीस?"

"कुणाला हाक मारू? आई दाराबाहेरच बसल्या होत्या. शेंगा निवडत."

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, राणी होतेयस की राजवाडा बांधतेयस?" सगळे हसले.

"मुलगी झाली," दुसरी आणखी हळू म्हणाली. "आता म्हणतात, मुलगा हवा. पुढच्या महिन्यात भाऊजी पुन्हा येणार आहेत. ताई, हे दार कुठे उघडतं?"

राणीसाहेबचे हात थांबले. इतकी वर्षं जिला मखरात बसलेली पाहिली होती ती बाई ही. पण तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ती दया नव्हती. तिला चक्क हसावंसं वाटलं. म्हणजे कुणीच तिच्या जागी सुखात नव्हतं! आणि बाहेर तो जो फुगून बसलाय, त्याचा सगळा फुगा एका पिनेवर आहे, आणि ती पीन आपल्या तोंडात आहे.

"गल्लीत उघडतं," ती म्हणाली. "पण पोरगी त्याच्याजवळ आहे ना. आधी फोटो होऊ दे. मग बघू."

दुसरीने मागे हात करून तिचं मनगट धरलं. "बघाल ना?"

"हं."

बाहेर आसपासच्या गिऱ्हाइकांचीही गर्दी झाली होती. नवरा मुलीला मांडीवर घेऊन बसला होता, तिच्या डोक्यावर त्याने स्वतःचा मुकुट ठेवला होता आणि तो तिच्या नाकापर्यंत घसरत होता. बायको सिंहासनाच्या बाजूला उभी राहिली. मास्तर कॅमेऱ्यामागे वाकले. राणीसाहेब पुढे होऊन मुलीचा मुकुट सरळ करायला गेली, आणि नवऱ्याला तेवढ्यावर राहवलं नाही.

"काय राणीसाहेब," तो मोठ्याने म्हणाला, "तुमची नजर तयार. रोज एवढ्या राजाराण्या बघता. सांगा बघू, आमची राजकन्या कुणावर गेलीय?"

ती बोलणार नाही याची त्याला पक्की खात्री होती. संसारभर तिने ते गिळलं होतं, घरातून निघतानाही गिळलं होतं. ते तिला पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर गिळताना बघायलाच तो एवढा प्रवास करून आला होता.

तिने ओठांतल्या पिना एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या.

"थोरल्या भाऊजींवर," ती म्हणाली. "कपाळ, डोळे, सगळंच. तुमचं कसं असेल? डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं ना."

मास्तरांचं बोट सवयीने दाबलं गेलं. लख्ख उजेड पडला.

"मोठे काका?" मुलीने मुकुटाखालून विचारलं. "ते मला लाकडाचा घोडा करून देतात."

शेजारणीने तोंडावर हात ठेवला. राणीसाहेब फक्त नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला तो चेहरा कोसळताना बघायचा होता, आणि क्षणभर तो कोसळलाही. गालांतली हवा गेली, डोळे म्हाताऱ्यासारखे झाले. पण तो दुकानदार होता. फुटका माल कसा खपवायचा हे त्याला चांगलं कळत होतं. त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं, आणि मग सावकाश, तिच्याकडे नव्हे, आपल्या बायकोकडे मान वळवली.

"असं होय," तो म्हणाला. आवाजात त्याने थरथर आणली. "मी इकडे मालासाठी गावोगाव फिरतो, आणि माझ्या घरात, माझ्याच भावाबरोबर…" तो शेजाऱ्याकडे वळला. "ऐकलंत ना? डॉक्टर-बिक्टर सोडा, ही बाई वांझ म्हणून टाकलेली, जळून बोलतेय. पण हे दुसरं ती उगाच नाही बोलली. हिला आता आत पडद्यामागे कुणी सांगितलं? हिनेच सांगितलं असणार, हसत हसत! विचारा, विचारा तिला."

"विचारायचं काय त्यात," शेजारीण म्हणाली. "तोंडावरून कळतंय."

दुसरीने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ती राणीसाहेबकडे बघत होती, एखाद्याने पाणी म्हणून दिलेलं काहीतरी भलतंच पिऊन टाकावं तशी.

नवऱ्याने झगा अंगावरून ओरबाडून फेकला, मुलीला काखोटीला मारलं आणि तो गल्लीत उतरला. मुलगी आईकडे हात करून रडायला लागली. शेजारी जोडपं मागोमाग गेलं. मग दुसरी भानावर आली आणि धावत सुटली. अंगावर राणीचा पोशाख, तो लांबचलांब घोळ पायांत येणारा, पाठीवर नाड्या सुटलेल्या, पाठ उघडी. दगडी फरसबंदीवर ती दोनदा पडली, दोनदा उठली. राजवाडा बघून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांना वाटलं, हा इथलाच काहीतरी कार्यक्रम आहे. काहींनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली. काहींनी मोबाइल वर धरले. गाडीचं दार लागलं, गाडी निघाली आणि ती तिच्या काचेवर हात आपटत थोडं अंतर पळाली, तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दिवस मावळताना ती परत आली. पोशाखाचा घोळ फाटलेला, कोपरं सोललेली. तिने माहेरी फोन केला होता. बातमी तिच्या आधी तिथे पोचली होती. आई म्हणाली होती, "इकडे येऊ नकोस, तुझ्या बहिणीचं व्हायचंय अजून."

ती राणीसाहेबकडे न बघता मास्तरांना म्हणाली, "इथे काम आहे?"

मास्तरांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. दिसायला नीटस, वयाने लहान. "आहे," ते म्हणाले.

राणीसाहेबने तिला आपल्या खोलीत नेलं. ती आली, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. खोलीतली पलंगाची जागा तिने घेतली, तिच्या हातचं जेवलीही, पण शब्द काढला नाही. "मीठ हवं का?" तर मान नाही, हूं नाही. राणीसाहेबने एकदा पाय धरले. तिने पाय ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. दुकानात मात्र ती छान बोलायची. गिऱ्हाइकांना, "ताई, तुम्हाला काय शोभून दिसतंय!" म्हणायची, आणि बायका खूश होऊन आणखी एक फोटो काढून घ्यायच्या. मास्तरांनी लवकरच पिना तिच्या हाती दिल्या. राणीसाहेबला मागे धुण्याच्या दगडावर बसवलं. "तुमच्या तोंडाला आता पिना पुरत नाहीत," ते म्हणाले, आणि या वेळी ते गमतीने बोलले नव्हते.

गावाकडून बातम्या येत राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांकडून. नवऱ्याने दुसरीलाही टाकली होती, आणि गावाने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. पुरावा पक्का होता ना. पहिलीनेच चारचौघांत सांगितलं होतं. थोरले दीर वखारीवर होते तसेच होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मुलीला सासूने ठेवून घेतलं होतं.

बरेच दिवस असे गेल्यावर एका संध्याकाळी ती दुसरी खोलीत पहिल्यांदा बोलली. "माझी मुलगी आणून द्या," ती म्हणाली.

राणीसाहेब दुसऱ्याच दिवशी गावी गेली. ज्या दारातून तिची पेटी बाहेर ठेवली गेली होती त्या दाराशी उभी राहिली. सासू ओट्यावर बसली होती, आणखी वाळलेली, डोळे मात्र तेच.

"आता काय हवंय?" सासू म्हणाली. "एक वांझ म्हणून गेली, एक बदचाल म्हणून. तिसरी बघतेय मी."

"मी वांझ नव्हते," राणीसाहेब म्हणाली. हे वाक्य तिने वर्षानुवर्षं घोकलं होतं. "तुमच्या मुलात दोष होता. मी त्याची अब्रू राखायला खोटं बोलले."

"ठाऊक होतं मला," सासू म्हणाली.

"कधीपासून?"

"तू सांगितलंस त्याच दिवसापासून. तू सांगत होतीस आणि तो उंबऱ्यात उभा राहून नखं खात होता. मला न कळायला काय झालं?" सासूने पदराने ओठ पुसले. "त्याच्या बापाचंही असंच होतं. माझ्या सासूनेही मला विचारलं नव्हतं. मी काय मेले? दोन पोरगे काढले, घर चालवलं. तुलाही तेच सांगणार होते मी. पण तू हट्टी, तू विहीर जवळ केली असतीस. म्हणून घालवली तुला. तुझ्यावर उपकारच केले."

इतक्यात आतून मुलगी आली. केस कातरलेले, हातात लाकडाचा घोडा.

"तुम्ही राणीवाल्या ना?" तिने ओळखलं. "माझी आई कुठे आहे?"

"मेली म्हणून सांगितलंय तिला," सासू शांतपणे म्हणाली. "आता तू काय सांगतेस ते बघू."

राणीसाहेब मुलीसमोर वाकली. "आहे तुझी आई," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे. चल."

सासू उठली. राणीसाहेबला वाटलं, ही आता आपल्याला मारणार, आणि तिने मानही पुढे केली. सासूने तिला बोटसुद्धा लावलं नाही. तिने मुलीच्या थोबाडीत दिली, अशी की घोडा हातातून उडून अंगणात पडला. "कोण आहे तुझी आई?" मुलगी काही बोलायच्या आत आणखी एक थोबाडीत बसली. "कोण आहे?"

"मेली," मुलगी म्हणाली.

"हिला सांग."

"मेली," मुलगी राणीसाहेबकडे बघून म्हणाली.

"पुन्हा आलीस की पुन्हा हेच," सासू म्हणाली. "तुला नाही, हिला."

परतीच्या बसमध्ये राणीसाहेब ओठ चावत बसली होती. खोलीत शिरली तेव्हा दुसरी उभीच होती. तिने आधी हिच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग तिने बराच वेळ हिच्या तोंडाकडे पाहिलं.

"भेटली?"

"भेटली."

"कशी आहे?"

राणीसाहेबने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरी आहे. आत्ता लगेच देत नाहीत. पण भेटायला येत जा म्हणाल्या, आई."

"जेवते का नीट?"

"जेवते. वरण-भात मागून घेतला माझ्यासमोर."

दुसरी पलंगावर बसली. "तिला तूप लागतं वर," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्या संध्याकाळपासून त्या दोघी बोलायला लागल्या.

त्यानंतर दर महिन्याला राणीसाहेब सुट्टी घेऊन मुलीला भेटायला म्हणून निघते. सासरच्या अलीकडच्याच गावापर्यंत बसने जाते, तिथल्या स्टँडवरच्या बाकड्यावर दुपारभर बसते आणि परतीच्या बसची वेळ झाली की उठते. बसल्या बसल्या ती पुढचं सगळं जुळवते. मुलीचा दात पडला. मुलगी शाळेत जायला लागली. मुलीने कविता म्हणून दाखवली, पण शेवटची ओळ विसरली. दुसरी हे सगळं जेवताना ऐकते, पुन्हा पुन्हा विचारते, आणि कधी कधी हसतेसुद्धा.

मागल्या वेळी दुसरीने मुलीसाठी फ्रॉक शिवून दिला. जुन्या पोशाखांच्या मखमलीच्या तुकड्यांचा, खाली जरीची पट्टी, मागून पूर्ण बंद. राणीसाहेब तो मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली. परतीची बस लागली तेव्हा तिने तो घडी करून तिथेच ठेवला आणि बसमध्ये चढली. खिडकीतून तिला दिसलं, की एक झाडूवाली आली, तिने तो उचलून झटकला, स्वतःच्या अंगाला लावून पाहिला, मग त्यानेच बाकडं पुसलं.

"बसला का अंगात?" रात्रीचं जेवण वाढताना दुसरीने विचारलं.

"अगदी मापात," ती म्हणाली.